पाहणीत न दिसलेली सळई

ठाण्याच्या एक वाचक लिहितात (ओळख पटेल असे तपशील गाळून पत्र थोडक्यात दिलं आहे; सोबत त्यांनी रिपोर्ट, फोटो आणि कोटेशनही पाठवलं आहे):

"या मार्चमध्ये आम्ही रीसेलचा टू बीएचके घेतला. इमारत १९९४ सालची, चार मजली, आमचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर. घेण्याआधी इंजिनिअरला दाखवायचाच, हा माझा हट्ट होता. नणंदेच्या यजमानांच्या ओळखीचे एक सिव्हिल इंजिनिअर आले. त्यांनी सहा हजार घेतले आणि चार पानी रिपोर्ट दिला: 'वयाच्या मानाने स्थिती चांगली.' बँकेनेही कर्ज दिलं. जुलैत बाथरूमबाहेरच्या पॅसेजमधलं फॉल्स सीलिंग फुगलं आणि एक तुकडा खाली आला. उघडून बघतो तर वरच्या स्लॅबचं काँक्रीट सुटलेलं, सळया उघड्या. वरच्या मजल्यावरचे गृहस्थ लिफ्टमध्ये सहज बोलून गेले, 'काकांना मी तेव्हाच म्हटलं होतं, निम्मे पैसे द्या, बाथरूम करून घेतो.' म्हणजे ज्या काकांनी फ्लॅट विकला त्यांना सगळं ठाऊक होतं! ते आता बंगळुरूला मुलाकडे असतात. फोन केला तर म्हणाले, 'तुमच्या इंजिनिअरने बघूनच घेतलंत ना?' ठेकेदाराने २ लाख ८० हजारांचं कोटेशन दिलंय. इंजिनिअरवर केस करावी तर नणंदेच्या घराशी वाकडं येणार. नवरा म्हणतो, गुपचूप नवं सीलिंग लावू, रंग मारू, दोन वर्षांत विकून मोकळे होऊ. मला रात्री झोप नाही. चूक नक्की कोणाची, आणि पैसे मागायचे कोणाकडून?"

तुमच्या दोन्ही प्रश्नांकडे येते. आधी एक काम मात्र उद्याच करा. पॅसेजमधलं उरलेलं सीलिंग उतरवून घ्या आणि सुटलेलं काँक्रीट एखाद्या जाणत्या माणसाकडून हातोडीने हलकेच पाडून घ्या. स्लॅबवर ठोकलं की धडधाकट काँक्रीट टणटण वाजतं, सुटलेलं बद्द वाजतं. बद्द वाजणारा भाग किती मोठा आहे त्याभोवती खडूने रेघ मारून ठेवा. टेकू लावायची गरज आहे का, हे स्ट्रक्चरल इंजिनिअरने येऊन ठरवायचं, ठेकेदाराने नव्हे. तोवर त्या पॅसेजखाली कोणी रेंगाळू नये. पत्रात मुलांचा उल्लेख नाही, पण असतील तर त्यांना आधी सांगा.

आता रिपोर्टबद्दल. तुम्ही पाठवलेली चारही पानं मी दोनदा वाचली. तिसऱ्या पानावर, नळांच्या आणि खिडक्यांच्या मजकुराखाली, एक वाक्य आहे: 'पॅसेज व बाथरूममधील फॉल्स सीलिंगमुळे स्लॅबचा तळ पाहता आला नाही.' तुमचा रोख असा की इंजिनिअरने दोष 'पाहिला नाही'. त्यांनी तर लिहून दिलंय की आपल्याला तिथे बघताच आलं नाही. या दोन गोष्टी एक नव्हेत, आणि तुमच्या सगळ्या त्राग्याचं मूळ मला इथे दिसतं. पाहणी म्हणजे घर निर्दोष असल्याची हमी, असं आपण धरून चालतो. माणूस दीड तास घरात फिरतो, दिसतं तेवढं बघतो, हात पोचेल तिथे ठोकतो. दुसऱ्याच्या घराचं सीलिंग तो परवानगीशिवाय फोडू शकत नाही. त्यात तो आला मार्चमध्ये. ठाण्यात मार्चमध्ये भिंत ओली सापडली तर ती पावसाने नसते, नळाने असते.

पण म्हणून मी त्यांना पूर्ण सोडणार नाही. 'पाहता आला नाही' हे वाक्य मी स्वतः घरांच्या पाहण्या करताना, आधी नोकरीत आणि नंतर व्यवसायात, किती वेळा लिहिलं असेल, मोजदाद नाही. त्याच्यापुढे आणखी एक वाक्य लागतं: 'व्यवहारापूर्वी सीलिंगचा एक चौकोन उघडून तपासावा.' ते नाही. उलट चौथ्या पानावर 'स्थिती चांगली' असं ठोक लिहून टाकलंय. जे पाहिलंच नाही त्याला चांगलं म्हणायला नको होतं. एकदा डोंबिवलीत माळ्यावर गाद्या रचलेल्या होत्या, त्या काढायला सांगायचा मला संकोच वाटला. घरमालकीणबाईंनी नुकताच चहा आणून ठेवला होता. ऑगस्टमध्ये फोन आला. गाद्यांमागची भिंत हिरवी झाली होती. मी फी परत केली, पण त्या कुटुंबाचा पावसाळा काही परत करता आला नाही.

मग केस करावी का? करता येते. पैसे घेऊन दिलेली पाहणी ही सेवा आहे, तिच्यातल्या त्रुटीबद्दल ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येतं. मुदत दोन वर्षं आणि एवढ्या रकमेच्या सेवेसाठी तक्रारीला फी लागत नाही. पण तिसऱ्या पानावरचं ते वाक्य त्यांची ढाल होईल, आणि मिळालं तरी किती मिळेल याबद्दल मला फारशी आशा नाही. शिवाय तुम्हाला या माणसाची प्रतिवादी म्हणून जितकी गरज आहे, त्याहून जास्त साक्षीदार म्हणून आहे. त्यांना घरी बोलावा आणि एकच गोष्ट विचारा: त्या दिवशी काकांना सीलिंगबद्दल काही विचारलं होतं का, आणि ते काय म्हणाले? 'हौसेनं केलंय' म्हणाले असतील, तर हे उत्तर तुमच्यासाठी सहा हजारांच्या कितीतरी पट मोलाचं आहे. ते त्यांच्याकडून तारीख आणि सही घालून लेखी घ्या. नणंदेच्या घरी वाकडेपणा न येता होण्यासारखं हे काम आहे. बहुतेक इंजिनिअर ते करतीलही, कारण त्यांनाही झोप लागत नसते.

बँकेचं एका ओळीत: बँकेचा व्हॅल्युअर, म्हणजे घराची किंमत ठरवणारा माणूस, बघतो ते बँकेचे पैसे वसूल होतील का एवढंच. तुमचा स्लॅब कोरडा आहे का, हे बघायला त्याला कोणी पाठवलेलं नसतं.

आता काका. 'तुमच्या इंजिनिअरने बघूनच घेतलंत ना' हे त्यांचं वाक्य ऐकून तुम्ही फोन ठेवलात. ऐकायला बिनतोड वाटतं, पण कायदा तसं म्हणत नाही. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ५५ मध्ये विकणाऱ्यावर एक कर्तव्य घातलंय. मालमत्तेतला जो मोठा दोष त्याला माहीत आहे, घेणाऱ्याला माहीत नाही, आणि घेणाऱ्याला सर्वसाधारण काळजी घेऊनही सापडला नसता, तो त्याने सांगायलाच हवा. न सांगणं ही फसवणूक धरली जाते, असं त्याच कलमाच्या शेवटी म्हटलंय. म्हणजे प्रश्न 'कोणाच्या नजरेतून सुटलं' हा नाहीच. प्रश्न आहे, 'कोणाला माहीत होतं'.

माझ्या मते त्यांना माहीत होतं, आणि हे मी लिफ्टमधल्या बोलण्यावरून म्हणत नाही. तुमचा तिसरा फोटो मोठा करून बघा. उजवीकडच्या दोन सळयांवर विटकरी लाल थर आहे. तुम्ही त्याला गंज समजलात. गंज खवल्यांचा असतो, त्याचे पापुद्रे सुटतात. इथे थर सपाट आहे आणि शेजारच्या काँक्रीटवर ब्रशच्या केसांच्या बारीक समांतर रेषा उमटल्यात. गंज ओघळतो, ब्रश मारत नाही. हा रेड ऑक्साइड प्रायमर आहे, म्हणजे लोखंड गंजू नये म्हणून लावतात तो रंग, आणि बांधकामाच्या वेळी स्लॅबच्या सळईला तो कोणी लावत नाही. म्हणजे हा स्लॅब याआधी एकदा उघडा पडला होता, कोणीतरी त्याला रंग लावला आणि मग खाली सीलिंग ठोकलं. वरचे गृहस्थ म्हणतात सीलिंग दोन-अडीच वर्षांपूर्वीचं, आणि काका तर अकरा वर्षं तिथे राहिले. सीलिंगची उतरवलेली पट्टी फेकू नका, उलटी करून ठेवा. तिच्या पाठीवर चहाच्या कपासारखी एकात एक वर्तुळं असतील. पाणी पुन्हा पुन्हा येऊन वाळल्याच्या त्या खुणा. एका जुलैत तेवढी उमटत नाहीत.

तरी हुरळून जाऊ नका. काकांचा वकील दोन गोष्टी पुढे करील. एक म्हणजे तुमचा करारनामा. कलम ५५ मधलं हे कर्तव्य करारात काही वेगळं ठरलेलं नसेल तर लागू होतं, आणि आपल्याकडच्या छापील करारनाम्यात 'खरेदीदाराने मिळकत पाहून, खात्री करून, आहे त्या स्थितीत घेतली आहे' असं वाक्य हटकून असतं. तुमच्यात आहे का बघा. जाणूनबुजून लपवलेल्या गोष्टीपुढे ते किती टिकेल, हे वकिलाला करारनामा दाखवूनच विचारायचं. दुसरी गोष्ट पुन्हा तेच तिसरं पान. जे वाक्य इंजिनिअरला वाचवतं तेच तुम्हाला इथे अडवतं: 'तुम्हाला कळवलं होतं स्लॅब दिसला नाही, मग उघडून का नाही पाहिला?' म्हणून काकांनी इंजिनिअरला दिलेल्या उत्तराला एवढं महत्त्व.

काकांविरुद्ध ग्राहक आयोग चालणार नाही. स्वतःचा राहता फ्लॅट विकणारा माणूस तुम्हाला सेवा देत नसतो, ती केस दिवाणी कोर्टात. मुदत साधारण तीन वर्षांची, आणि फसवणूक असेल तर ती उघडकीला आल्यापासून मोजतात, त्यामुळे घाई नाही. आपल्या दिवाणी कोर्टांचा वेग तुम्हालाही माहीत आहे. मी असते तर आधी वकिलाच्या नोटिशीऐवजी स्वतःच्या सहीचं साधं पत्र पाठवलं असतं, पोचपावती मिळेल अशा टपालाने. सोबत प्रायमरचा फोटो, इंजिनिअरचं लेखी म्हणणं आणि एक आकडा. मुलाच्या घरी पत्र आलं की ते मुलगाही वाचतो. मी पाहिलेली अशी बरीच प्रकरणं मुलाच्या एका फोनने मिटली आहेत.

आकडा मात्र २ लाख ८० हजारांचा लिहू नका. कोटेशन नीट वाचलंत का? त्यातले १ लाख ५ हजार सगळ्या खोल्यांच्या रंगाचे आणि नव्या फॉल्स सीलिंगचे आहेत. शिवाय तुमच्या बाथरूमच्या टाइल्स बदलायचे ४० हजार, ज्यांचा वरच्या गळतीशी काही संबंध नाही. ठेकेदार चलाख आहे, घाबरलेलं गिऱ्हाईक त्याला ओळखता येतं. 'दहा वर्षांची गॅरंटी'सुद्धा वरचं पाणी बंद झाल्याशिवाय कागदाच्या किमतीची नाही.

आणि ते पाणी बंद करणं काकांच्या हातात नाही, वरच्या गृहस्थांच्या हातात आहे. गंमत अशी की तुमचा सगळ्यात चांगला साक्षीदार आणि गळतीला जबाबदार माणूस एकच आहे. 'निम्मे पैसे द्या' हे त्यांचं म्हणणं मुळातच चुकीचं होतं. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे, म्हणजे सोसायट्यांसाठीच्या नमुना नियमांप्रमाणे, पावसाची गळती, बाहेरच्या सामाईक पाइपची गळती, बाहेरच्या भिंती आणि फ्लॅटच्या छताची स्ट्रक्चरल दुरुस्ती संस्थेच्या खर्चाने व्हायची. फ्लॅटच्या आतल्या मोरी-संडासातून गळत असेल तर खर्च त्या सभासदाचा. तुमच्या सोसायटीने स्वीकारलेल्या उपविधींची प्रत काढून हे ताडून बघा. म्हणजे वरची मोरी त्यांच्या खर्चाने, आणि तुमच्या डोक्यावरच्या स्लॅबची दुरुस्ती निदान सोसायटीपुढे मांडता येण्याजोगी. तुमच्या पत्रात सोसायटीचा शब्दही नाही, याचं मला नवल वाटलं.

त्यांच्याशी बोलताना क्रम सांभाळा. आधी व्हॉट्सअ‍ॅपवर साधा निरोप: 'परवा तुम्ही म्हणालात की काकांशी बाथरूमबद्दल बोलणं झालं होतं, साधारण कधी?' उत्तर आलं की जपून ठेवा. मग खर्चाचं बोला. हा थोडा कावेबाजपणा वाटेल, पण उलट्या क्रमाने गेलात तर त्यांना काहीच आठवणार नाही.

गळती नक्की त्यांच्याच मोरीतून आहे का, हेही आधी सिद्ध करा. आठ दिवस वहीत लिहा: थेंब कधी पडले, पाऊस होता का, वर आंघोळी चालल्या होत्या का. पाऊस उघडल्यावरही सकाळी सात ते नऊ, आंघोळींच्या वेळी, गळत असेल तर बाहेरची भिंत निर्दोष. मग त्यांची परवानगी घेऊन नहाणी ट्रॅपला (मोरीतलं पाणी जिथून निघून जातं त्या तोंडाला) बोळा लावून रंगीत पाणी चोवीस तास साठवायचं. जुन्या इमारतींत बाथरूमचा स्लॅब खाली बसवलेला असतो आणि त्यात विटांच्या तुकड्यांचा कोबा. ट्रॅपच्या कडेचं वॉटरप्रूफिंग गेलं की पाणी त्या कोब्यात साठतं आणि वाट मिळेल तिकडे, पार पॅसेजपर्यंत सरकतं. ते सळईपर्यंत पोचलं की सळई गंजते, गंजाला मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा लागते, आणि खालचं काँक्रीट तो ढकलून पाडतो. तुमच्या पॅसेजमध्ये हेच झालंय असा माझा कयास. आणि हो, तुमच्या खाली दुसरा मजला आहे. तुमची मोरीही १९९४ चीच असेल तर खालच्यांकडे एकदा चहाला जाऊन वर बघून या. तुम्हीसुद्धा कोणाच्या तरी 'वरच्या' आहात.

सोसायटीकडे दोन लेखी मागण्या करा. पहिली, शेवटच्या स्ट्रक्चरल ऑडिटची, म्हणजे इमारतीच्या मजबुतीच्या तपासणीची, प्रत. आदर्श उपविधींप्रमाणे १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं दर ५ वर्षांनी आणि ३० च्या पुढे दर ३ वर्षांनी ऑडिट व्हायला हवं, तुमची इमारत दुसऱ्या गटात गेली आहे. दुसरी, काकांच्या काळात या फ्लॅटच्या गळतीबद्दल कार्यकारिणीत विषय आला असेल तर त्या सभेचं इतिवृत्त. काकांनी पत्र दिलं असेल तर आवक रजिस्टरमध्ये त्याची तारीख असेलच. त्या पत्राची प्रत तुमच्या हातात देतील न देतील, पण इतिवृत्त मागायचा सभासद म्हणून तुम्हाला हक्क आहे. ऑडिट झालंच नसेल तर हा प्रश्न तुमच्या पॅसेजपुरता राहत नाही. मग काँक्रीटची ताकद अजमावणारी रिबाउंड हॅमर आणि अल्ट्रासोनिकची चाचणी सगळ्या इमारतीचीच व्हायला हवी.

राहिला तुमच्या यजमानांचा बेत. त्यांच्यावर रागावू नका. लाखोंचं कर्ज डोक्यावर असलेल्या माणसाला पहिल्यांदा रंगाचा डबाच आठवतो. पण त्यांना कलम ५५ पुन्हा वाचून दाखवा, या वेळी 'विकणारा' या शब्दाच्या जागी स्वतःचं नाव घालून. मार्चमध्ये तुम्हाला माहीत नव्हतं. आता माहीत आहे, आणि मला पाठवलेल्या पत्रावर तारीखही आहे. काकांनी केलं तेच तुम्ही केलंत तर उद्याच्या घेणाऱ्याच्या हातात तुमच्यापेक्षा भक्कम पुरावा असेल. विकायचंच असेल तर दुरुस्ती करून, बिलं आणि फोटोंची फाइल पुढे ठेवून विका. थोडी घासाघीस होईल, पण मला वाटतं नीट दुरुस्त झालेला स्लॅब दाखवता येणारं घर या वयाच्या इमारतीत पडेल भावाने जात नाही.

हे वाचून घर घ्यायला निघालेल्यांसाठी थोडं. नव्या इमारतीचा मामला वेगळा. बिल्डरांवर बंधनं घालणाऱ्या रेरा कायदा, २०१६ च्या कलम १४ प्रमाणे ताबा दिल्यापासून ५ वर्षांत बांधकामातला किंवा कारागिरीतला दोष कळवला तर बिल्डरने तो ३० दिवसांत फुकट दुरुस्त करायचा, नाहीतर भरपाई. हा हक्क 'अलॉटी'ला, म्हणजे ज्याला बिल्डरने फ्लॅट दिला त्याला असतो, आणि 'अलॉटी'च्या व्याख्येत पुढचा खरेदीदारही येतो, त्यामुळे दोन-तीन वर्षांचा फ्लॅट रीसेलमध्ये घेणाऱ्यांनी हा हक्क गेला असं समजू नये. जुना घेत असाल तर जमल्यास पावसाळ्यात बघा, आणि वरच्या मजल्यावरच्यांची बेल वाजवा. फॉल्स सीलिंग असेल तर एक चौकोन उघडायची अट टोकनआधीच घाला. दोनशे रुपयांच्या कामाला विकणारा नाही म्हणाला तर उत्तर मिळालंच. 'माझ्या माहितीप्रमाणे गळती वा स्ट्रक्चरल तक्रार नाही' हे वाक्य करारनाम्यात विकणाऱ्याच्या तोंडी घालून घ्या. पाऊस संपेपर्यंत लाखभर रुपये मागे ठेवायचं मात्र फार थोडे विक्रेते मानतात, आणि कर्जाचा व्यवहार असेल तर ते गुंतागुंतीचंही होतं.

दुरुस्तीचं शेवटचं. वरची मोरी आधी, तुमचा स्लॅब नंतर, आणि तोही वाळल्यावर. नव्या इंजिनिअरला ताज्या फोडलेल्या काँक्रीटवर फिनॉल्फ्थॅलिन नावाचं रसायन फवारायला सांगा. गुलाबी झालं तिथलं काँक्रीट सळईला अजून राखून आहे, बिनरंगाचं राहिलं तिथवर ते निकामी झालंय. किती खोल फोडायचं ते त्यावरून ठरतं. सळईच्या मागपर्यंत काँक्रीट काढलं पाहिजे, सळई घासून चकचकीत केली पाहिजे, फारच झिजली असेल तर जोडीला नवी टाकली पाहिजे, आणि मग पॉलिमर मॉर्टर, म्हणजे पॉलिमर मिसळलेला सिमेंट-वाळूचा गिलावा. नुसत्या सिमेंटने लिंपणारा दिसला तर काम थांबवा. खाली पुन्हा फॉल्स सीलिंग लावू नका. स्लॅब डोळ्यांसमोर राहू दे.

ठेकेदाराला सोमवारी बोलावलंय म्हणता. त्याला दसऱ्यानंतर या म्हणून सांगा. आणि त्या दोन लाल सळयांचा फोटो दिवसाउजेडी, शेजारी मोजपट्टी धरून, त्याचा हातोडा लागायच्या आत पुन्हा एकदा काढून ठेवा.